हटलेली गाडी आणि बडोद्याचे कलाभवन

बडोद्याला माझे एक दूरचे मामा राहायचे. २००९ च्या डिसेंबरात दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी मी चार दिवस मुक्कामाला होतो. गेलो होतो सयाजीराव महाराजांच्या काळातल्या ग्रंथप्रकाशनाची माहिती गोळा करायला, पण लक्षात राहिली ती अंगणात उभी असलेली त्यांची जुनी अँबेसिडर.

गाडी तीन महिने जागची हलली नव्हती. बॅटरी आदल्याच दिवशी चार्ज करून आणली होती. मामेभावाने किल्ली फिरवली. आतून एकच ‘टक्’ झाले आणि सारे शांत. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक्’. “इंजिन जाम झालंय बाबा, आता भंगारवालाच बोलावतो,” तो म्हणाला. मामांचा चेहरा उतरला. त्या गाडीतून मामी द्वारकेपासून पंढरपूरपर्यंत फिरली होती, आणि मामींना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. ते काठी टेकत खाली आले. “इंजिनला नावं ठेवण्याआधी ते फिरतंय का ते तरी बघ!”

मामा पन्नासच्या दशकात कलाभवनात शिकलेले. इंजिन फिरतच नाही हे एक दुखणे आणि फिरते पण पेटत नाही हे दुसरे, या दोघांची सरमिसळ करू नये, हा त्यांचा पहिला पाठ. पहिल्यात वीज, तारा आणि सेल्फ बघायचे. दुसऱ्यात पेट्रोल आणि ठिणगी. त्यांनी मला पुढचे दिवे लावायला सांगितले आणि भावाला किल्ली फिरवायला. ‘टक्’ झाले आणि दिवे विझू लागलेल्या निखाऱ्यासारखे झाले. दिवे प्रखर राहिले असते आणि आवाजही झाला नसता, तर सेल्फपर्यंत वीज जातच नाही असे समजायचे. मंद झाले म्हणजे सेल्फ वीज मागतो आहे, पण ती पुरत नाही. किंवा सेल्फ तरी अडकला आहे, नाहीतर इंजिन.

मग डिकीतून हँडल निघाले. गियर काढून, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून (हँडल उलटे मारले तर मनगट वाचावे म्हणून) भावाने ते फिरवले. इंजिन लोण्यासारखे फिरले. भंगारवाल्याचा विषय तिथेच संपला.

या हँडलाने जगभर कितीतरी हात मोडले आहेत. त्यावर विजेचा उपाय काढला अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसला. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला छोटी मोटर बसवली होती. मोटर क्षणभरच चालवायची असेल तर तिच्याकडून तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळ जोर काढता येतो, हे त्याने तिथे ओळखले. म्हणूनच सेल्फ फार वेळ मारत बसू नये. क्षणभराचे काम तासभर करायला लावले तर तो जळणारच.

“नाहीच चालली तर बैल जुंपू,” मामा आता खुशीत येऊन म्हणाले, “बडोद्याची जुनीच चाल आहे.” ही नुसती थट्टा नव्हे. बडोद्याजवळच्या डभोई–मियागाम मार्गावर खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली आगगाडी सुरू झाली ती बैलांनी ओढलेली. पुढच्या वर्षी इंजिने आली, पण रूळ इतके हलके की त्यांना ते वजन पेलवेना, आणि पुन्हा बैलच आले. १८७३ साली जड रूळ घातल्यावर मग इंजिनांना वाव मिळाला. इंजिन बिचारे धडधाकट होते.

इकडे मामांनी भावाला पुन्हा दोनदा किल्ली फिरवायला लावून बॅटरीची दोन्ही टोके हाताने चाचपली. एक थंड, एक चांगलेच कोमट. वीज जिथे अडते तिथे तापते. टर्मिनल सोडवून पाहिले तर आत पांढरी-हिरवट बुरशी. आमच्या गोव्यात पावसाळ्यानंतर हे नेहमीचेच. अर्थची तार आधी सोडायची नि शेवटी जोडायची, एवढे पथ्य पाळून आम्ही सोड्याच्या गरम पाण्याने टोके धुतली, घासून चकचकीत केली, घट्ट बसवली आणि वर व्हॅसलिन लावले.

काम चालले असताना मी कलाभवनाचा विषय काढला. १८९० साली सयाजीरावांनी ते काढले तेव्हा प्राचार्य होते सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. सुतारकाम, रंगकाम, यंत्रविद्या हे सारे कारागिराला त्याच्या भाषेत शिकवावे, त्यासाठी पुस्तके आणि पारिभाषिक शब्द तयार करावेत, असा त्यांचा आग्रह होता. कारागिराचा हात चांगला आहे, त्याच्यापर्यंत ज्ञान पोचत नाही, असे त्यांचे निदान होते, आणि मला ते आजही अचूक वाटते. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. शब्दांचा हा नाद बडोद्याने पुढेही सोडला नाही. १९३१ साली राज्यकारभाराचा शब्दकोश निघाला, तो आठ भाषांचा! १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याची अभियांत्रिकी शाखा बनले.

“मग मामा, तुम्ही वर्गात सेल्फला काय म्हणायचात?” मी मोठ्या आशेने विचारले.

“सेल्फच. आमच्या वेळी वर्ग इंग्रजीत होता रे. मराठी-गुजराती चालायची ती वर्कशॉपातल्या मिस्त्रीकडे. दिवे लावून बघायचं त्यानंच शिकवलं.”

मी वहीत दुसरेच काही लिहायच्या तयारीत होतो. असो.

किल्ली फिरवली. आता इंजिन झपाझप फिरू लागले, पण पेटेना. म्हणजे दुसरे दुखणे. तीन महिन्यांत कार्बोरेटर सुकून गेला होता. मामांनी पेट्रोल पंपाची छोटी दांडी हाताने वीस-पंचवीस वेळा हलवायला सांगितली. त्यानंतर दुसऱ्याच किल्लीला गाडी खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली.

मामा पुढच्या सीटवर जाऊन बसले. “सुरसागराला दोन फेऱ्या मारून येऊ,” ते भावाला म्हणाले, “पण वाटेत कुठं बंद करू नकोस हो.”