परतूर, मानवत आणि ह्वासोंग

परतूर तालुका 1 मे 1981 पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. त्या दिवशी जालना जिल्हा झाला आणि आमचा जिल्हा बदलला. म्हणजे 1972 ते 1974 या काळात मानवतला बायका आणि कोवळ्या मुली मारल्या जात होत्या, तेव्हा ते आमच्याच जिल्ह्यातलं प्रकरण होतं. छोट्या लाईनीची गाडी परतूरहून सेलू करत मानवत रोडला जायची. बातमी उलट्या दिशेने यायची, आणि येताना वाढत यायची.

दुष्काळाची वर्षं होती ती. थोरली माणसं खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो, कामावर सुकडी. घरात उरायची म्हातारी आणि आम्ही पोरं. एकट्याने सरपणाला जायचं नाही, एवढंच आजी बजावायची. का, असं विचारलं की धपाटा बसायचा. गुप्तधनासाठी, मूल व्हावं म्हणून नरबळी देतात, ही कुजबुज मात्र कानावर पडायचीच. पुढे खटल्यात सरकार पक्षाने हेच मांडलं. तपासासाठी मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले. 1968 च्या रामन राघव प्रकरणाचा तपास त्यांनीच केला होता.

आमच्या गावाने मात्र आपला तपास आधीच उरकला होता. गावाबाहेर पाल पडलं की चार माणसं काठ्या घेऊन विचारपूस करायला जायची. जडीबुटी विकणारे, भविष्य सांगणारे, माकड नाचवणारे, सगळे संशयित. त्यांच्याकडे काही सापडलं नाही. पण पालं रातोरात उठायची, आणि गावाला शांत झोप लागायची.

मानवतच्या याच प्रकरणावर 1981 मध्ये ‘आक्रीत’ आला. पटकथा विजय तेंडुलकरांची. दिग्दर्शक म्हणून अमोल पालेकरांचा तो पहिला चित्रपट, आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच. त्यात भूत नाही, रहस्यही नाही. कोण मारतंय ते प्रेक्षकाला ठाऊक असतं; कॅमेरा मारवणाऱ्यांच्या घरात बसलेला असतो. जत्रेच्या तंबूत आम्हाला तो कधी दिसला नाही. तिथे रामसे बंधूंचं राज्य. ‘पुराना मंदिर’मधल्या अनिरुद्ध अग्रवालांच्या सामरीला आम्ही मनसोक्त घाबरलो. सामरीचं एक बरं होतं, तो आपल्या गावचा नव्हता.

पोरं आता मोबाईलवर कोरियन थरारपट बघतात आणि मलाही दाखवतात. त्यांतला बाँग जून-हो यांचा 2003 चा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ बघताना मी उठून बसलो. 1986 ते 1991 दरम्यान ह्वासोंगच्या ग्रामीण भागात दहा स्त्रियांचे खून झाले, त्यावर तो बेतला आहे. भातशेती, चिखल, रात्रीचा पाऊस. सोंग कांग-हो यांनी रंगवलेला गावठी पोलीस माणसाच्या डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखल्याचा दावा करतो. धागा सापडेना तेव्हा पोलीस भविष्य सांगणाऱ्या बाईकडेही जातात. आणि पहिला धरून बडवला जातो तो एक मतिमंद तरुण. त्याच्यामागे उभं राहणारं वजनदार कोणी नसतं.

खरा खुनी 2019 मध्ये डीएनएवरून सापडला. मेहुणीच्या खुनासाठी तो आधीच तुरुंगात होता. हा चित्रपट आपण तुरुंगात पाहिला, विशेष काही वाटलं नाही, असं त्याने न्यायालयात सांगितलं. पण यातल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने वीस वर्षं कैद भोगली होती. तो पोलिओने पायाने अधू होता. 2020 मध्ये तो निर्दोष ठरला. बाँग यांनी पडद्यावर दाखवलं होतं, ते कागदोपत्री आधीच घडून गेलं होतं.

हे आपल्यापासून लांबचं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. तो बळी देणाऱ्याला धरतो. बळीच्या भीतीने पिसाळलेल्या जमावाचं काय? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे होते. अफवा मोबाईलवरून पसरली, एवढाच काय तो फरक.

पोरं मला विचारतात, आणखी काय बघू. ‘द वेलिंग’ बघा, असं मी सांगतो. ना होंग-जिन यांचा 2016 चा चित्रपट. डोंगरातलं एक गाव, परका म्हातारा, त्याच्यावरचा संशय आणि मांत्रिकाचा विधी. आपल्याकडे अंगात आलेलं पाहिलेल्याला त्यात काही समजावून सांगावं लागत नाही.

मानवतवर 2024 मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिकाही आली. आशुतोष गोवारीकर त्यात रमाकांत कुलकर्णी झाले आहेत. म्हणजे मारवणाऱ्यांची बाजू पालेकरांनी दाखवली, तपासाची या मालिकेने. काठ्या घेऊन पालांकडे जाणाऱ्या चार माणसांवर मात्र मी अजून चित्रपट पाहिलेला नाही. कुणी काढलाच, तर त्या माणसांना राक्षस करू नये. त्यातले एक माझे काका होते, आणि ते घाबरलेले होते.