अंबानी, धीरजलाल हिराचंद
(२८ डिसेंबर १९३२–६ जुलै २००२). भारतीय उद्योगपती. जन्म तत्कालीन जुनागढ संस्थानातील चोरवाड या गावी, एका गरीब शाळाशिक्षकाच्या कुटुंबात. शालेय शिक्षणानंतर ते एडनला गेले व तेथील व्यापारी पेढीत नोकरी करीत व्यापाराचे व्यवहार शिकले. १९५८ मध्ये मुंबईस परतून त्यांनी मसाल्यांची निर्यात व कृत्रिम धाग्याची आयात सुरू केली. १९६६ मध्ये अहमदाबादजवळ नरोडा येथे कापडगिरणी काढली. पुढील विस्तारासाठी १९७७ मध्ये त्यांनी समभागांची जाहीर विक्री केली. त्यामुळे भागबाजारापासून दूर राहिलेला मध्यमवर्ग मोठ्या संख्येने उद्योगाचा भागधारक बनला. परवाना पद्धतीच्या काळात सरकारी धोरणे अनुकूल करून घेतल्याची टीका त्यांच्यावर झाली. तथापि विखुरलेल्या अल्प बचतींतून प्रचंड उद्योग उभारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. मरणोत्तर पद्मविभूषण (२०१६).