बदली केंद्राची, परवाना राज्याचा

अमेरिकेत फौजेतल्या माणसाची बदली साधारण दर दोन-तीन वर्षांनी होते. हुकूम वॉशिंग्टनचा. सामान बांधा, पोरांची शाळा बदला, निघा. पण बायको मानसशास्त्रज्ञ असेल तर तिचं लायसन्स सामानात जात नाही. ते जुन्या राज्याचं. नव्या राज्यात पुन्हा अर्ज, पुन्हा फी, विद्यापीठाचे कागद, कधीकाळच्या सुपरवायझरची सही. हे सगळं जुळेपर्यंत पुढच्या बदलीची चाहूल लागते.

हा घोळ आला कुठून? मी शोधत गेलो तर १८८९ सापडलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या डेंट नावाच्या डॉक्टरला राज्यानं परवाना नाकारला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला आणि हरला. वैद्यकी कुणी करायची हे राज्य ठरवू शकतं, असं कोर्ट म्हणालं. भोंदूंना आळा बसावा हा हेतू, आणि तो चुकीचा नव्हता. मानसशास्त्रज्ञांसाठी पहिला कायदा कनेक्टिकटनं १९४५ मध्ये केला, १९७७ पर्यंत सगळ्या राज्यांनी केले. प्रत्येकाचे नियम निराळे. (आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद १९९२ च्या कायद्यानं केंद्रीय रजिस्टरात होते, ती देशभर चालते. निदान इथं तरी आपण बरे!)

२०१२ मध्ये अमेरिकी सरकारच्याच अहवालात आलं, की नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या फौजी बायकांपैकी सुमारे ३५ टक्के परवाना लागणाऱ्या व्यवसायात आहेत. मग काय केलं? परवान्याचा खर्च परत देऊ, आधी ५०० डॉलर, पुढे १००० पर्यंत. फी मिळाली हो, पण रिकामे बसलेले महिने? २०२० मध्ये 'सायपॅक्ट' हा राज्यांचा करार सुरू झाला. सामील राज्यांत ऑनलाइन उपचार करा, प्रत्यक्ष जाऊन वर्षाला ३० दिवस. उपयोगी आहे, पण नव्या गावात कायमचा दवाखाना थाटायला तेवढ्यानं भागत नाही.

शेवटी जानेवारी २०२३ मध्ये केंद्राचा कायदा आला. लष्करी हुकमानं घर हलवावं लागलं तर जवानाचा आणि जोडीदाराचा जुना परवाना नव्या राज्यानं मानायचा. तेव्हा एक मोठी अट होती, की मागच्या दोन वर्षांत तो वापरात असावा. वकील तेवढे तेव्हा वगळले होते.

वाटलं, सुटला प्रश्न. पण त्याच वर्षी टेक्सासमध्ये हवाई दलातल्या एकाच्या बायकोला, शाळेतल्या समुपदेशकाला, राज्याविरुद्ध कोर्टात जावं लागलं. जुलैत निकाल तिच्या बाजूनं लागला. कायदा लागू होऊन तेव्हा सहा महिने झाले होते.