सीमेवरची नभोवाणी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि हैदराबाद राज्यातील जुना बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. नारायणखेड आणि निर्णा मंडळ वगळून जहीराबाद आंध्रकडे गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात समाविष्ट झाले. नकाशावरील रेषा एका दिवसात बदलली. बाजार, सोयरीक आणि बोली मात्र जुन्याच वाटांनी चालत राहिल्या.

या मुलखाने नभोवाणी ऐकली ती प्रथम निजामाच्या ‘दख्खन रेडिओ’वरून. तेथे मान उर्दूचा, तरी तेलुगू, मराठी व कानडी यांनाही वेळ मिळे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी युद्ध थांबल्याची वार्ता निजामाने याच नभोवाणीवरून दिली. १९५० साली ते केंद्र आकाशवाणीत विलीन झाले. पुढे १९६६ साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, आकाशवाणीचे केंद्र निघाले. ते प्राधान्याने कानडीचे, आणि ते योग्यच होते. सीमेच्या अलीकडे परभणी केंद्र १९६८ साली सुरू झाले.

मध्यम लहरींचा एक मोठा गुण असा, की त्या जमिनीलगत दूरवर जातात आणि रात्री आकाशातून परतून आणखी लांब पोचतात. सीमाभागातील घरी काटा जरासा फिरवला, की पलीकडची मराठी कानी पडे. राज्य कोणते, याची लहरीला क्षिती नसे. एफएमचे तसे नाही. तिचा स्वर स्वच्छ, परंतु ती बव्हंशी सरळ रेषेत जाते आणि क्षितिजापाशी अडते. ज्या गावाला आपली बोली ऐकायची, त्याला ध्वनिक्षेपक जवळच हवा. शेजाऱ्याच्या दिव्याच्या उजेडात वाचण्याची सोय अशी हळूहळू संपत आली.

मग क्षेपक उभारायचा कोणी? दीर्घकाळ हा अधिकार सरकारचाच होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी गृहस्थ होते, हे येथे सांगितलेच पाहिजे.

या तत्त्वाचा लाभ कोणी घ्यावा? बीदरपासून तुटलेल्या जहीराबाद भागात, माचनूर गावी, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने युनेस्कोच्या साह्याने १९९८ साली ध्वनिमुद्रणगृह बांधले. ते चालवणाऱ्या दलित शेतकरी स्त्रिया. ज्वारी-बाजरीचे बियाणे, औषधी वनस्पती, सणांची गाणी, सारे त्यांनी आपल्या तेलुगू बोलीत मुद्रित केले. परवाना मात्र नव्हता. म्हणून ध्वनिफिती गावोगावच्या संघांच्या बैठकीत वाजवल्या जात. २००२ च्या धोरणाने केवळ शिक्षणसंस्थांना वाव दिला; सेवाभावी संस्थांसाठी दार उघडले ते २००६ साली. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम् रेडिओ’ प्रत्यक्ष लहरींवर आला. यंत्रे तयार, बोलणाऱ्या तयार, आणि दहा वर्षे प्रतीक्षा! रोज सायंकाळी, शेतावरून परतल्यावर, जनरल नरसम्मा आणि अल्गोले नरसम्मा यांनी ध्वनिक्षेपणाचे काम सांभाळले.

कलबुर्गीतही शरणबसवेश्वर संस्थेचे ‘अंतर्वाणी’ हे सामुदायिक केंद्र निघाले. अशा केंद्रांची शक्ती जेमतेम शंभर वॅट, पल्ला काही कोसांचा. स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना मुभा नाही. गावाच्या नळाचे पाणी का आले नाही, हे केंद्राने चर्चेत आणावे, बातमीत नव्हे, असा हा विचित्र बंधारा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावास संमती दिली. मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना चालना हा त्यामागे सांगितलेला एक हेतू. यादीत बीदरचे नाव आहे. परंतु लिलाव म्हटला की जाहिरातदार आला, आणि जाहिरातदार शहरातील बहुसंख्यांची भाषा पाहतो. औराद-भालकीकडच्या खेड्यांतील मराठी शेतकऱ्याची बोली त्याच्या हिशेबात कितपत बसेल? माचनूरच्या स्त्रियांना लिलावात उतरावे लागले नव्हते. त्यांनी आधी आपला आवाज मुद्रित केला आणि मग परवाना मागितला.