पुणे शहराची दूरध्वनी सेवा आणि सेवानिर्देशांचे भाषांतर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शहरातील दूरध्वनी सेवेचा इतिहास बहुधा जोडण्यांच्या संख्येवरून लिहिला जातो. तथापि निरनिराळ्या पिढ्यांची केंद्रे परस्परांशी कोणत्या भाषेत बोलत, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

ट्रंक कॉलच्या काळात ही दुभाषेगिरी ऑपरेटर करीत. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, हे पुढील केंद्रास तोंडी कळविले जाई. १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर एसटीडी सुरू झाल्यानंतर हे काम क्रमाक्रमाने यंत्राकडे गेले. आर-२ या संकेतपद्धतीत सहा कंप्रतांपैकी दोन एकाच वेळी पाठवून अंक आणि ग्राहकाचा वर्ग सांगितला जाई. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार सामान्य ग्राहकाचा क्रमांक १ आणि डेटाचा ६ होता. पुढे आलेल्या सातव्या क्रमांकाच्या संकेतप्रणालीत तोच सामान्य ग्राहक १० झाला, तर डेटा १२. सीमेवरील केंद्राने तक्त्यानुसार हा बदल करावयाचा असे.

खरी अडचण प्रतिशब्दच नसेल तेथे उद्भवे. आयएसडीएनवरील कॉल ६४ किलोबिटांचा निर्भेळ डिजिटल मार्ग मागतो; आर-२ मध्ये ही मागणी व्यक्त करण्याची सोयच नव्हती. संभाषण असल्यास कॉल जुन्या मार्गाने जाऊ शके. डेटा मात्र साध्या संभाषणाप्रमाणे पुढे ढकलला, तर जोडणी होई, आकारही लागे, परंतु मजकूर विस्कटे. म्हणून ‘संपूर्ण मार्ग नव्या प्रणालीचाच हवा’ असा स्वतंत्र निर्देश ठेवण्यात आला; तो पाळणे अशक्य असल्यास कॉल नाकारला जाई. ग्राहकाच्या दृष्टीने हा नकारच अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

पुण्याच्या बाबतीत भाषांतराचा हा प्रश्न सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो अंकांच्या रूपाने. ०२१२ या संकेतांकासह सहा अंकी क्रमांक असत. संकेतांक ०२० झाला आणि क्रमांक सात अंकी. प्रारंभीचे शून्य वगळता एकूण लांबी नऊच राहिली. त्यानंतर आरंभी २ जोडून क्रमांक आठ अंकी करण्यात आले. प्रत्येक वेळी देशभरच्या केंद्रांना आपले मार्गतक्ते बदलावे लागले. याच सुमारास परिमंडळांतर्गत जवळच्या अंतरासाठी ९५ हा उपसर्ग आला. मुंबईहून पुण्यास ९५२०, तर दिल्लीहून ०२०. शहर एकच, नावे दोन. ९५ हा स्थळाचा नव्हे, दराचा निर्देश होता, आणि तो ओळखून कॉल त्याच पुण्याकडे वळविणे हे मुंबईतील केंद्राचे काम होते. पुढे ९५ रद्द झाला. ०२० मात्र टिकून आहे.