आधी पाणी, मग प्लॉट

मनमाड रस्त्याने नगर शहर मागे टाकून सीना नदी ओलांडली की नागापूरची एमआयडीसी सुरू होते. इथल्या कारखान्यांच्या पायाखालची जमीन कारखानदारांची नाही. ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. तीही लगेच मिळत नाही. आधी प्रीमियम भरायचा, करारनामा करायचा, ठरलेल्या मुदतीत बांधकाम करून दाखवायचं, मग पट्टा नोंदवला जातो. रस्ता महामंडळाचा, नळ महामंडळाचा. यंत्रं, माणसं आणि नफा-तोटा तेवढा ज्याचा त्याचा.

कोण येणार हे ठाऊक नसताना सगळी सोय आधी करून ठेवायची, ही तऱ्हा कुठून आली? नगर जिल्ह्यात बसून (2024 पासून तो अहिल्यानगर झाला, पण बोलताना लोक अजून नगरच म्हणतात, मीही तेच म्हणतो) हिचं कूळ शोधू लागलं, तर दर पिढीला पाणी आडवं येतं.

जिल्ह्यातली पहिली मोठी कारखानदारी पाण्याच्या मागे धावत गेली. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर कित्येक हजार मिलिमीटर पाऊस आणि नगर शहरात साडेपाचशे-सहाशे, असा हा एकाच जिल्ह्यातला उतार. गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाले. प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाचं उद्घाटन 1926 साली झालं. ऊस आला, आणि उसापाठोपाठ चिमण्या उभ्या राहिल्या: हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स, कोपरगाव भागात सोमय्यांची साकरवाडी. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी कारखाना. त्याचा पहिला गळीत हंगाम 1950च्या अखेरीस सुरू झाला.

या गावांची नावंच पाहा. टिळकनगर, साकरवाडी, प्रवरानगर. कारखान्याआधी ती नकाशावर नव्हती. कारखान्याने स्वतः रस्ते केले, चाळी बांधल्या, दवाखाना काढला, शाळा काढली, साहेबांचे बंगले आणि मुकादमांच्या खोल्या यांच्यातलं अंतरसुद्धा त्यानेच ठरवलं. ज्याचा कारखाना, त्याचं गाव. आणि कारखाना उसाला बांधलेला, त्यामुळे गाव सोडून जायची त्याला सोय नव्हती. आजही उत्तर नगरमध्ये कारखाना आणि राजकारण वेगळं काढता येत नाही, त्याचं एक मूळ इथे आहे असं मला वाटतं.

एमआयडीसी दुसऱ्या कुळातली. तिची पणजी शोधायला मँचेस्टरला जावं लागतं. तिथे 1894 साली समुद्रापासून शहरापर्यंत जहाजांचा कालवा खुला झाला. कालव्याला लागून डी ट्रॅफर्ड या जुन्या जमीनदार घराण्याचं हरणांचं रान होतं. 1896 साली अर्नेस्ट टेरा हूली या सट्टेबाज वृत्तीच्या माणसाने ते विकत घेतलं आणि कालव्याच्या कंपनीत काम केलेल्या मार्शल स्टीव्हन्सला व्यवस्थापक नेमलं. स्टीव्हन्सने रान आखलं, आत रेल्वेचे फाटे घातले आणि तुकडे पाडून कारखान्यांना देऊ केले. वेस्टिंगहाउस आली, 1911 साली फोर्ड आली. हूली पुढे दिवाळखोर झाला, ट्रॅफर्ड पार्क मात्र टिकला. आखलेली औद्योगिक वसाहत म्हणून पहिला मान त्यालाच देतात. एक गोष्ट मात्र विसरायला नको: कालवा आधीच होता. स्टीव्हन्सला पाणी किंवा वाहतूक आणावी लागली नाही, फक्त वाटावी लागली.

भारतात ही कल्पना 1955च्या सुमारास सरकारी योजना म्हणून आली. राजकोट, ओखला, गिंडी इथे सरकारने शेड बांधल्या आणि लहान उद्योजकांना भाड्याने दिल्या. तेव्हा मुंबई तुंबत चालली होती. बृहन्मुंबईचं काय करायचं हे ठरवण्यासाठी 1958 साली एक अभ्यासगट नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते सदाशिव गोविंद बर्वे, आयसीएस, सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव. उद्योग शहराबाहेर काढा आणि खाडीपलीकडे नवं शहर वसवा, अशी दिशा त्या अहवालाने दाखवली. महाराष्ट्र राज्य झालं आणि 1 ऑक्टोबर 1960 रोजी औद्योगिक विकास मंडळ नेमलं गेलं. त्याच्याही अध्यक्षपदी बर्वेच. पुण्याला ते पानशेतच्या पुरानंतरच्या उभारणीमुळे आठवतात. बाकी महाराष्ट्रात त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, तरी तालुक्या-तालुक्यात त्यांच्या मंडळाची संतती उभी आहे.

मंडळाने कायद्याचा मसुदा केला, महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम 1961 झाला आणि 1 ऑगस्ट 1962 रोजी महामंडळ जन्मलं. समारंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते.

माझ्या मते खरा जन्म मात्र त्यानंतर काही वर्षांनी, बदलापूरजवळ झाला. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या पट्ट्यात प्लॉट पाडायचे तर पाणी लागणार; आणि ते पाटबंधारे खात्याच्या किंवा नगरपालिकेच्या मेहेरबानीवर सोडलं तर प्लॉट घेणार कोण? महामंडळाने बारवी नदीवर स्वतःचं धरण बांधलं. जमीन विकसित करणाऱ्या संस्थेने धरण बांधावं, हा बदल मोठा होता. प्लॉटचे पैसे एकदाच येतात, पाण्याचं बिल दर महिन्याला निघतं. त्या दिवसापासून महामंडळ अर्धी पाणी कंपनीच झालं, असं म्हटलं तर चुकणार नाही.

आराखडा आखण्याची रीतही पाण्यानेच घडवली. सर्वेक्षण झालं की आधी उंच टेकाड पाहतात, कारण जलकुंभ तिथे येणार आणि तिथून पाणी उताराने खेळणार. मग ओढे-नाले सोडून द्यायचे. मग रस्ते, लांब ट्रेलर वळेल इतके रुंद. उरलेल्या जागेत प्लॉट: मोठे मोठ्या कंपन्यांना, आसपास लहान त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांना. ढोबळमानाने दहा टक्के जागा मोकळी आणि पाच टक्के बँक, पोस्ट, कॅन्टीन असल्या सोयींना. नकाशावर या तुकड्यांवर ‘ओएस’ (ओपन स्पेस) आणि ‘एएम’ (अमेनिटी) अशी इंग्रजी अक्षरं असतात. वसाहतीच्या हद्दीत महामंडळच नियोजन प्राधिकरण असल्याने बांधकामाची परवानगीही तेच देतं.

हे सगळं होण्याआधी एक काम असतं, आणि गावाला एमआयडीसीची ओळख तिथूनच होते. कायद्याचं कलम 32. पोटकलम दोनखाली नोटीस येते, हरकती ऐकल्या जातात, मग पोटकलम एकची अधिसूचना निघते आणि जमीन शासनाची होते. शेतकरी ‘बत्तीस-दोन झालं, बत्तीस-एक बाकी आहे’ असं बोलतो, जणू पिकाच्या अवस्था सांगतोय. मधल्या काळात सातबाऱ्याच्या इतर हक्कांत शेरा पडलेला असतो. त्याला शिक्का म्हणतात. शिक्का पडला की जमीन विकता येत नाही, कर्ज मिळायला अडचण, आणि महामंडळ घेतही नाही, अशी वर्षं जातात. ‘शिक्के उठवा’ ही मागणी राज्यात ठिकठिकाणी ऐकू येते, आणि मला ती न्याय्य वाटते. आराखडा कागदावर करायला वेळ लागतो हे मान्य. पण तो वेळ शेतकऱ्याच्या खात्यातून का कापावा?

नगरमध्ये उद्योग एमआयडीसीनेच आणले असंही नाही. दौंड-मनमाड रेल्वे 1878 पासून होती. विणकर होते, विडी होती. नगरच्याच फिरोदिया घराण्यातल्या हस्तीमल फिरोदियांनी 1972 साली लुना मोपेड बाजारात आणली, आणि कायनेटिकचा कारखाना दौंड रस्त्याला उभा राहिला. नागापूरला नंतर लार्सन अँड टुब्रोची स्विचगिअर, क्रॉम्प्टनच्या मोटारी, एक्साइडच्या बॅटऱ्या आणि सन फार्माची औषधं आली. मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्यांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून होतीच. पण सवलतीवर यंत्र थंड होत नाही. बारागाव नांदूरच्या मुळा धरणात 26 टीएमसी पाणी मावतं. ते धरण झालं नसतं तर नागापूरचा आराखडा नुसता रेघांचा राहिला असता. सखल भागातलं हे पाणी पंपाने विळद घाटाच्या वर चढवावं लागतं. शहरही त्याच धरणाचं पाणी पितं. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरात येई, तेव्हा निदान ते उताराने येत होतं.

विजेचीही एक खूण राहिली आहे. पुणे-पिंपरी पट्ट्यातले कारखाने रविवारी चालू आणि गुरुवारी बंद, याचं बाहेरच्याला नवल वाटतं. सगळ्या कारखान्यांची सुट्टी एकाच दिवशी आली तर उरलेल्या सहा दिवसांवर विजेचा भार पडतो, म्हणून वीज मंडळाने भागाभागाचा सुट्टीचा वार वेगळा केला. मुलांची शाळा रविवारी बंद आणि बापाची सुट्टी गुरुवारी, ही अनेक कामगार घरांची आठवण त्या वेळापत्रकातून आली आहे.

आराखड्यात एक गोष्ट मात्र साखर कारखान्याकडून उचलायची राहून गेली: राहायची सोय. डोंबिवलीसारख्या ठिकाणी निवासी विभाग आखला होता. नगरला कामगार नागापूर, बोल्हेगाव, सावेडीत आपापल्या हिमतीने राहिला. गुंठ्या-दोन गुंठ्यांत घरं झाली आणि त्यांच्यापर्यंत रस्ते नंतर पोहोचले. ट्रेलर कसा वळेल हे ज्यांनी मोजलं, त्यांना रात्रपाळीची बाई घरी कशी जाईल हे मोजणं अवघड नव्हतं.

पारनेर तालुक्यातलं सुपे हे याच घराण्याचं धाकटं पोर. पुणे-नगर महामार्गावर, जपानी उद्योगांसाठी वेगळा टप्पा, म्हसणे फाट्याच्या बाजूला नवी आखणी, कॅरियर मिडियासारखी वातानुकूलन यंत्रांची कंपनी. जवळच कवड्या डोंगरावर पवनचक्क्या. पुणे जवळ आणि जमीन स्वस्त, म्हणून उद्योग इथे येतो. त्याच तालुक्यात राळेगणसिद्धी आहे, जिथे 1975 नंतर पडलेलं पाणी शिवारातच अडवायचा मार्ग धरला गेला. वसाहतीचा मार्ग उलटा, दुसरीकडचं पाणी नळाने आणायचा. दोन्ही रीती शेजारी नांदतात आणि एकमेकींची चौकशी करत नाहीत. सुप्यासारख्या ठिकाणी जमीन गेलेल्यांना हवी असते नोकरी. मिळतो तो बऱ्याचदा पाण्याच्या टँकरचा, माणसं पुरवण्याचा किंवा भंगाराचा ठेका, आणि त्या ठेक्यावरून भांडणं. हा भाग कुठल्याच नकाशात ‘एएम’ म्हणून दाखवलेला नसतो.

आता दक्षिणेतले तालुके एमआयडीसी मागत आहेत. कर्जतला वसाहत पाटेगाव-खंडाळ्याला व्हावी की दुसरीकडे, हा वाद 2023 साली विधिमंडळापर्यंत गेला. जागा कुणाची, मंजुरी कुणी अडवली, श्रेय कुणाचं, यावर पुष्कळ बोललं गेलं. मला आधी धरणाचं नाव ऐकायचं आहे. कर्जतच्या दक्षिणेला भीमेत उजनीचा फुगवटा आहे आणि त्यावर सोलापूरचा डोळा आहे. कुकडीच्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पुरत नाही म्हणून दर उन्हाळ्यात आवर्तनासाठी भांडणं होतात. या दोन्हींतलं कुठलं पाणी त्या जलकुंभात चढवणार, आणि कुणाच्या वाट्यातून?