हिंगूळ, कज्जली व एक काळवंडलेलें पत्र

आमच्या संग्रहांतील भागवताच्या एका पोथींत एक पत्र इतरांहून निराळें दिसतें. इतरत्र ‘उवाच’ हीं पदें, दंड व समासाच्या रेषा हिंगुळाच्या आहेत; या पत्रावर त्याच जागा करड्या-काळ्या आहेत. तेवढ्यावरून एका संग्राहक स्नेह्यांनीं हें पत्र मागाहून घातलेलें, व म्हणून त्यांतील दोन अधिक श्लोक प्रक्षिप्त, असा निर्णय दिला. आणि आम्हींहि त्यास मान डोलाविली. तो निर्णय आज आम्ही मागें घेत आहों.

हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचा संयोग. हाच संयोग काळाहि असतो. रसशास्त्र जाणणारांस हें सांगावयास नको: पारा व गंधक खलांत घोटले असतां काळी कज्जली होते, आणि तीच काचकुपींत भरून वालुकायंत्रांत आंच दिली असतां कुपीच्या गळ्याशीं लाल रससिंदूर जमतो. द्रव्य तेंच, रंग दोन. असें कां, याचा उलगडा क्ष-किरणांनीं केला.

१९१२ सालीं म्युनिक येथें लाउए व त्याचे सहकारी यांनीं स्फटिकांतून क्ष-किरण सोडले, तेव्हां ते ठराविक दिशांस वळून फोटोच्या कांचेवर ठिपके उमटले. पुढील वर्षीं ब्रॅग पितापुत्रांनीं अशा किरणांवरून अणूंच्या थरांमधील अंतर मोजण्याची रीत बसविली. १९१६ त डेबाय व शेरर यांनीं अखंड स्फटिकाऐवजीं चूर्णावरच हें काम साधलें. रंगाच्या कणावर भागते म्हणून आम्हां पोथीवाल्यांस याच रीतीचें अगत्य. तिनें दिसतें तें असें: लाल हिंगुळांत पारा व गंधक यांचे अणू एकाआड एक जुळून मळसूत्रासारख्या साखळ्या होतात. काळ्यांत पाऱ्याच्या प्रत्येक अणूभोंवतीं गंधकाचे चार अणू, व रचना घनाकार. घनाची बाजू ५.८५ आँगस्ट्रॉम. (आँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोट्यंश.) सुमारें ३४५ अंश सेंटिग्रेडवर लाल रचना मोडून काळी होते. कज्जली थंडपणींहि काळी राहते खरी, पण ती तिची स्थिर अवस्था नव्हे.

तर मग आमचें पत्र काळें पडलें तें हिंगुळाची कज्जली होऊन, असें म्हणण्याचा मोह होतो. पोथीस तेवढी आंच लागती तर कागदच उरता ना! रोमन ग्रंथकार व्हिट्रूव्हिअस यानें फाबेरिअस नांवाच्या लेखकाच्या घरच्या हिंगुळी भिंती तीस दिवसांत विटल्याचें लिहून ठेविलें आहे, व ऊन-चांदणें लागूं नये म्हणून मेणाचा हात देण्यास सांगितलें आहे. पाँपेईच्या परिसरांतील अशाच काळवंडलेल्या हिंगुळाची २००६ सालीं प्रसिद्ध झालेली क्ष-किरण-परीक्षा पाहतां, त्यांत काळी कज्जली आढळली नाहीं. क्लोरिनयुक्त पारदसंयुगें व पृष्ठावर जिप्सम आढळलें. म्हणजे एकच काळेपण, पण कारणें भिन्न.

हें वाचून आम्हीं तें पत्र उलटून पाहिलें. पाठीवरचा हिंगूळ लालभडक! तेव्हां आठवलें कीं, एका प्रदर्शनांत ही पोथी याच पत्रावर उघडून खिडकीलगतच्या कांचपेटींत कित्येक महिने ठेविली होती. मागाहून घातलेल्या पत्राची एकच बाजू निराळी कशी असेल? आमच्या डोळ्यांसमोर ती पाठ होती, व आम्हीं ती पाहिली नव्हती.

काळ्या जागीं हिंगूळच आहे कीं शेंदूर, हें चूर्णपरीक्षेशिवाय सांगतां येणार नाहीं. शेंदूरहि काळा पडतो. अधिक श्लोकांचा निवाडा मात्र आतां शाईवरून नव्हे, इतर प्रतींच्या पाठांवरूनच करावा लागेल.